उकळलेला माल

४ सप्टेंबर, बुधवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या कोणी विचारलं, बाओ चंगलू, तुझ्या डोळ्यांदेखत बाजार नासला तेव्हा तू काय करत होतास, तर दाखवायला काहीतरी हवं.

औषधी मुळांच्या धंद्यात मला सेहेचाळीस वर्षं झाली. पहिली तीस सरकारी कोठारात, नंतर या कंपनीत. माल आला की पोत्याच्या तळातून मूठभर काढायचा, बघायचा, मोडायचा, हुंगायचा, चावायचा आणि पोत्यावर लाल शाईने ‘घ्या’ किंवा ‘परत’ लिहायचं, एवढंच माझं काम. प्रयोगशाळेतली फान यिनलिंगही तपासते. तिच्याकडे यंत्रं आहेत. पण पोरगी एकतीस वर्षांची आहे, आणि मालकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आहे की दोघांचं जुळलं नाही तर शब्द बाओ गुरुजींचा.

तर आजचं. दालचिनीची सहा पोती आली. साल जाड, आतून तेलकट, मोडली की कट्टकन आवाज. डोळ्यांना आणि हाताला एकदम पसंत. नाकाशी धरली तर काहीच नाही. चावली तर गोड लागते, तिखट लागते, पण दालचिनी लागत नाही. परत पाठवली. व्यापारी बडबडत गेला. जाऊ दे.

९ सप्टेंबर

उलगडा झाला. गेले दोन महिने काहीतरी खटकत होतं, आज बसून नीट विचार केला.

कडू मुळं जिभेवर ठेवली तर कानापर्यंत कडू जातं. ज्येष्ठमध पहिल्यासारखा गोड. म्हणजे कडू आणि गोड मालाला कोणी हात लावत नाही. लुटला जातोय तो फक्त वासाचा माल. ही लबाडी जुनीच आहे. अर्क काढणाऱ्या कारखान्यांतून उकळून झालेली मुळं कवडीमोलाने घ्यायची, वाळवायची आणि पुन्हा बाजारात आणायची. रूप तेच, आत काही उरलेलं नसतं. ज्याला औषध हवं असतं तो बिचारा महिनाभर काढा पितो आणि समजतो की आपलं दुखणंच हट्टी आहे. ऐंशीच्या सुमारास मी असे दोन लोक पकडून दिले होते.

पण तेव्हाचे लबाड अडाणी होते. हे शिकलेले दिसतात. आजचा पुदिना घ्या. तोंडात टाकला तर जीभ गार पडली, घसा गार पडला, वास मात्र शून्य. गारवा ठेवून वास तेवढा काढून घ्यायचा, ही करामत कोणी शोधली देव जाणे. फानला सांगितलं. ती पुदिन्याची पानं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “गुरुजी, यंत्रात तर तेल भरपूर दिसतंय.” मी म्हटलं, यंत्राला नाक असतं का?

१७ सप्टेंबर, शरदाची पौर्णिमा

मुलीने लान्झोऊहून सणाच्या पोळ्या पाठवल्या. भारी खोका, भारी कागद, आत नुसती साखर. म्हातारी म्हणाली, फुलांचा सुगंध घातलाय, छान आहेत. मी म्हटलं, तुला दुकानदाराने सांगितलं असेल.

म्हातारीचं म्हणजे माझ्या बायकोचं, श्युएचिनचं, काहीतरी बिनसलं आहे. चाळीस वर्षं ही बाई शेगडीवर काही ठेवून अंगणात शेजारणीशी गप्पा मारायची, आता शेगडी पेटलेली असली की स्टूल टाकून तिथेच बसते. परवा मी मटणाचा वाडगा संपवत आणला होता, तो हातातून काढून घेतला आणि सरळ बाहेर ओतला. म्हणे शिळं होतं. मला काही शिळं लागलं नाही. वय झालं की बायका उधळ्या होतात असं दिसतं. शिवाय हल्ली चवही राहिली नाही तिच्या हाताला. आंबवलेल्या पाण्यातल्या शेवया नुसत्या आंबट लागतात. बोललो नाही. तिने स्वतःहून मिरच्यांची बरणी पुढे सरकवली.

१९ सप्टेंबर

आजचा दिवस वाईट गेला.

दिंग लामेई माल घेऊन आली. वर डोंगरात हेइतु नावाचं गाव आहे, तिथली. दांगग्वेई पिकवते. आमच्याकडे बाळंतिणीच्या कोंबडीच्या सुपात जे मूळ घालतात ते, आणि या जिल्ह्याचं नाव ज्याच्यावर चालतं तेही हेच. लामेईचे वडील पिकवायचे तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, त्या घरचं दांगग्वेई मी डोळे मिटून घेत आलो. हे लोक गंधकाची धुरी देऊन माल गोरा करत नाहीत. जुन्या पद्धतीने माळ्यावर जुड्या टांगतात आणि खाली ओल्या लाकडाचा मंद धूर करून महिना-दीड महिना वाळवतात. एक जुडी उघडली की खोली भरते.

आज दहा पोती उघडली. रंग बरोबर, बदामी. शेपट्या जाड. मोडल्यावर आतली तेलाची टिंबं दिसली. आणि वास नाही. दुसरं पोतं, तिसरं पोतं, तळातून, मधून. धुराचासुद्धा वास नाही. लामेई शेजारी उभी राहून हसत होती, हेइतुतल्या पावसाबद्दल काहीतरी सांगत होती.

मी विचारलं, “लामेई, हा माल कुठून घेतलास?”

ती म्हणाली, “कुठून म्हणजे? आमच्या माळ्यावरून. काका, असं काय विचारता?”

अंगणात पंधरावीस जण होते. मी हळू बोलायला हवं होतं, आता वाटतं. पण राग आला होता. ज्या घरावर डोळे मिटून भरवसा ठेवला त्याच घराने हे करावं, याचा. मी सगळ्यांसमोर म्हटलं की हा उकळलेला माल आहे, वडील असते तर तुझं तोंड बघितलं नसतं त्यांनी. आणि दहाही पोत्यांवर ‘परत’ लिहिलं.

ती रडली नाही. पोत्यांची तोंडं एकेक करून बांधली, दहाच्या दहा. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. फानने नमुने आधीच घेतले होते. संध्याकाळी तिने कागद आणून दिला, त्यात सगळे आकडे उत्तम. मी कागद परत दिला.

२७ सप्टेंबर

चोर घरातलाच आहे.

आठ वर्षांपूर्वी या कंपनीत कपाट केलं तेव्हा एकशेबारा बरण्यांत अस्सल नमुने मी स्वतः निवडून भरले होते, तोंडाला मेण लावून. कोणाला शंका आली तर त्यांच्याशी ताडून बघायचं. आज दांगग्वेईच्या बरणीचं मेण फोडलं. मेलेलं. मग दालचिनीची बरणी, मग चक्रफुलाची. सगळी मेलेली. कोणीतरी माझे नमुने काढून त्या जागी उकळलेला माल भरला आहे. किल्ली माझ्याच कमरेला असते, म्हणजे फानने दुसरी करून घेतली असणार.

फानला तोंडावर विचारलं. ती पांढरी पडली. नंतर अगदी हळू म्हणाली, “गुरुजी, जुलैमध्ये तुम्हाला ती मोठी सर्दी झाली होती ना?” विषय बदलायची ही तऱ्हा. मी म्हटलं, माझ्या सर्दीचं सोड, बरण्यांचं बोल. मालकांकडे तक्रार करीन असं तिला सांगून आलो. अजून केली नाही. पुरावा हवा.

३ ऑक्टोबर

लामेईचा माल कोणी घेत नाही. त्या दिवशी अंगणात जे होते त्यांनी ते बाजारभर केलं. तीन व्यापाऱ्यांनी पोती न उघडताच तिला वाटेला लावलं. बाओने ज्याला उकळलेला म्हटलं तो आम्ही घेतला तर आमचंही नाव जाईल, असं एकाने तिला सांगितलं म्हणे. हेइतुच्या दुसऱ्या घरांनाही लोक आता प्रश्न विचारू लागले आहेत. आणि नवं पीक या महिन्यात निघायचं आहे.

माझा शब्द इतका चालतो याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचा चेहरा आठवतो.

म्हातारीने मला न विचारता बसस्टँडवर जाऊन लामेईकडून किलोभर मूळ विकत आणलं आणि कोंबडी शिजवली. मी एक चमचा घेतला, म्हटलं, बघ, आहे का काही यात? ती म्हणाली, “मला येतोय वास.” एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लामेई तिला आधीपासून आवडते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळच्या बसने हेइतुला गेलो. कोणाला सांगितलं नाही. मनात असं होतं की अचानक जाऊन माळा बघायचा. धुराची लाकडं नसतील, राख जुनी असेल, तर पुरावा मिळाला. आणि खरं सांगायचं तर उलटा पुरावा मिळाला असता तरी चाललं असतं.

माळ्याची चूल काळीकुट्ट होती. ओल्या फांद्या कोपऱ्यात रचलेल्या. शेतात काढणी चालू होती, पाला कापून झाला होता. लामेई आणि तिचा नवरा खोदत होते. मला बघून नवऱ्याने कुदळ खाली ठेवली आणि तो बांधापलीकडे निघून गेला. लामेई आली. घरी आलेल्या माणसाला द्यायचा म्हणून चहा दिला, भाकरीचा तुकडा दिला, आणि उभीच राहिली.

मी म्हटलं, मला एक मूळ स्वतः काढायचंय. तिने कुदळ दिली. मी मुद्दाम तिने दाखवलेली ओळ सोडली, मधली धरली. गुडघ्यावर बसून खणलं, शेवटी हातांनीच माती उकरली, अख्खं मूळ बाहेर काढलं. ओलं, जड, शेपट्यांत माती अडकलेली. मोडलं. पिवळट तेल बोटांवर आलं, चिकट. ओलं दांगग्वेई मोडलं की डोळ्यांत पाणी येईल इतका वास असतो, बांधावरच्या माणसाला कळतो. मी ते नाकाला लावलं.

काही नाही.

दुसरं काढलं. तिसरं काढलं. लामेई वरून बघत होती. म्हणाली, “काय काका, हापण उकळलेला निघाला का? जमिनीतच उकळला असेल.”

मी वर बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. तिचं हसू गेलं. ती खाली बसली, माझ्या हातातला तुकडा घेऊन स्वतः हुंगला, मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगला. आणि म्हणाली, “अगं बाई. काका.”

तिने माझे हात पाण्याने धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे. बसपर्यंत सोडायला आली. तिची माफी मागायची होती, तेवढ्यात बस आली. खिशात एक मूळ राहिलं होतं. बसमधले लोक मागे वळून बघत होते, कोणीतरी म्हणालं, किती छान वास सुटलाय.

१५ ऑक्टोबर

कामावर गेलो नाही.

१७ ऑक्टोबर

म्हातारीने जिल्हा रुग्णालयात नेलं. नाकाच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं. सर्दीने आतला तंतू मेला असावा म्हणाला, कदाचित वर्षभरात येईल, कदाचित येणार नाही, या वयात सांगता येत नाही. जिभेला कडू-गोड कळतं, गार-तिखट कळतं, ते वेगळं खातं आहे. पुदिन्याचं कोडं तिथे सुटलं. मी उगाच चोरांना हुशार ठरवत बसलो होतो.

घरी आल्यावर विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली जुलैतच. दूध उतू जाऊन करपलं होतं, घर धुराने भरलं होतं, आणि मी शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलो होतो. तेव्हापासून ती शेगडीजवळ बसते.

“मग बोलली का नाहीस?”

ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “ज्या नाकावर आपलं घर चाललं ते गेलं, हे मी कुठल्या तोंडाने सांगायचं तुला? वाटलं, सर्दी आहे, उतरेल. तू रागावलास की मला बरं वाटायचं. रागावतोयस म्हणजे अजून तुला वाटतंय की नाक आहे.” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “लामेईचं झालं तेव्हा मात्र सांगायलाच हवं होतं. तिथे माझं चुकलं.”

मी म्हटलं, तुझं नाही. तिने हात झटकून भाजी धुवायला नेली. मला रडू आलं, तिच्या पाठीमागे. तिला कळलं असावं, पण ती वळली नाही.

आता प्रश्न लामेईचा. तिच्याकडे जाऊन चुकलो म्हटलं तर ती माफ करील, पण पोती तिच्या घरातच पडून राहतील. मी चारचौघांत बोललो होतो, तेव्हा चारचौघांतच फिरवायला हवं. आणि ते फिरवायचं तर कारण सांगावं लागेल. कारण न सांगता नुसतं ‘चुकलो’ म्हटलं तर लोक समजतील की मला तिची दया आली. कारण सांगितलं की सेहेचाळीस वर्षं संपली. या बाजारात नाक गेलेला परीक्षक म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. आमच्या जुन्या उस्तादाचे डोळे गेले होते तेव्हा आम्हीच पोरं त्याला मागून हसायचो.

दोन्ही गोष्टी एकदम वाचवता येतात का, याचा काल रात्री अंथरुणात पुष्कळ हिशोब केला. येत नाहीत.

१८ ऑक्टोबर

आधी फानकडे गेलो. सगळं सांगितलं, बरण्यांबद्दल माफी मागितली. तिने अर्ध्यातच रडायला सुरुवात केली, मला वाटलं होतं ती मान ताठ करील. म्हणाली, तिला पुदिन्याच्या दिवशीच शंका आली होती, पण मालकांना सांगायला जीभ रेटली नाही. नंतर डोळे पुसून वही काढली. जुलैपासून मी ज्याच्यावर शाई लावली त्या सगळ्याची यादी करायची म्हणाली. माझ्या मनात हे आलंच नव्हतं. मी फक्त चांगल्याला वाईट ठरवल्याचा विचार करत होतो. पोरीने विचारलं, “गुरुजी, आणि तुम्ही ‘घ्या’ म्हटलेल्यात काही असलं तर?”

अख्खा दिवस दोघांनी कोठारात काढला. त्रेचाळीस खेपा. फेटाळलेल्यांपैकी बहुतेक चांगल्या, फानने राखून ठेवलेल्या नमुन्यांवरून कळलं. स्वीकारलेल्यांत एक वाईट निघाली, गंधकाची धुरी दिलेली, नुसत्या वासाने दारातूनच ओळखावी अशी. ती अजून बाहेर गेली नव्हती. दोन दिवसांत जाणार होती. मी पोत्यावरचं माझंच ‘घ्या’ खोडलं.

२० ऑक्टोबर, रविवार, बाजाराचा दिवस

लामेईला निरोप पाठवला होता की दहाही पोती घेऊन ये. ती आली, नवऱ्यासकट. नवरा माझ्याशी बोलला नाही.

सकाळी बाजार पूर्ण भरल्यावर मी मोठ्या वजनकाट्याच्या चौथऱ्यावर चढलो. तिथे चढून बोलायची पद्धत नाही, म्हणून लोक आपोआप गप्प झाले. मी जे बोललो ते आधी पाठ केलं होतं, तरी अर्धं विसरलो. जे बोललो ते असं:

“हेइतुच्या दिंग लामेईच्या मालाला मी उकळलेला म्हटलं. तो माल अस्सल आहे. माझं नाक जुलैपासून गेलंय, आणि मला ते कळलं नव्हतं. जुलैपासून मी ज्याला वाईट म्हटलं, त्याला माझ्या शब्दावर वाईट मानू नका. ज्याला चांगलं म्हटलं त्याला चांगलंही मानू नका.”

कोणीतरी हसलं. थट्टा वाटली असेल. मग म्हातारा चिया, माझ्याबरोबर कोठारात लागलेला, पुढे आला आणि मूठ बंद करून माझ्या नाकाखाली धरली. म्हणाला, “सांग, काय आहे?” मी म्हटलं, माहीत नाही. त्याने मूठ उघडली. कापराचा खडा होता, बोराएवढा. त्याने तो खिशात ठेवला, आणि मला चौथऱ्यावरून उतरायला हात दिला. तेव्हा कुठे लोकांना खरं वाटलं.

मग चिया लामेईच्या पोत्यांकडे गेला आणि त्याने पहिलं पोतं उघडलं. त्याच्या मागून आणखी दोघे गेले. जेवायच्या वेळेपर्यंत नऊ पोती गेली. दहावं कंपनीने घेतलं, शाई फानने लावली. मालक माझ्याशी नीट बोलले, पण उद्यापासून यायचं की नाही ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

लामेई निघताना जवळ आली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी माझा माल कोण बघणार?”

मी म्हटलं, फान बघेल, तिची यंत्रं चांगली आहेत.

“त्या यंत्रांना माझे वडील ठाऊक नाहीत,” ती म्हणाली. आणि नवऱ्याला हाक मारून गेली.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. म्हातारीने कोट काढून घेतला. मी खुंटीकडे बघत होतो, तर ती कोट हातात घेऊन तशीच उभी. तिने बाहीला नाक लावलं होतं. मी म्हटलं, काय शोधतेस? म्हणाली, काही नाही, बघतेय कसा गेला दिवस.

मग सांगू लागली. आधी दांगग्वेई, पुष्कळ, आणि धुराचं, लामेईकडचं. उजव्या बाहीला चक्रफूल. खाली खिशाजवळ सुंठ, पण जुनी सुंठ, या वर्षीची नाही. कॉलरला कापूर, थोडासाच. “आणि गंधक,” म्हणाली, “ते आजचं नाही, परवाचं असेल.”

मी पलंगावर बसून बोटांवर मोजत होतो. चक्रफुलाच्या ढिगाला मी टेकलो होतो. सुंठ एका बाईने दाखवायला हातात दिली होती, आणि ती जुनीच होती, मी रंगावरून ओळखली होती. गंधकाची खेप शुक्रवारची. एकही गोष्ट चुकली नव्हती. या बाईने उभ्या आयुष्यात आमच्या बाजारात पाऊल टाकलेलं नाही.

मी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, “चाळीस वर्षं तुझे कोट कोण धुतंय?”

उद्या फानकडे तिला घेऊन जाणार आहे. म्हातारी म्हणते, वेड लागलंय तुला, मला त्यातलं काय कळतं, लोक हसतील. स्वतःचे बूट मात्र तिने पुसून दाराशी ठेवले आहेत.